दाराकडे पाठ

माझं टेबल दाराकडे पाठ करून होतं आणि ते तसंच असायला पाहिजे होतं. हे मी आज ठासून सांगतो, कारण मधे एकदा सव्वा महिना ते तसं नव्हतं आणि त्या सव्वा महिन्यात मी माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक केली.

मी कापसाचा ग्रेडर. देवळीजवळच्या एका जिनिंगच्या आवारात कापूस खरेदीचं केंद्र चालायचं, तिथं मी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून पुढची बारा-तेरा वर्षं कापसाची प्रत ठरवली. दिवाळी आटोपली की बैलबंड्यांची रांग लागायची, ती होळीच्या पुढंपर्यंत हटायची नाही. शेतकरी बंडीभर कापूस घेऊन येणार, मी तो पाहून पहिली, दुसरी की तिसरी प्रत ते सांगणार, आणि त्यावर त्याला भाव मिळणार. एका शब्दाचं काम. पण तो शब्द ऐकायला माणूस थंडीत बैलांशेजारी झोपून आलेला असायचा, हे मला माहीत होतं.

माझा डोळा चांगला होता. खोटी नम्रता मला जमत नाही, उगाच कशाला? मूठभर कापूस हातात घेतला की तो दवात वेचला की ऊन चढल्यावर, तळाशी ओला कापूस दडवून वर सुका पसरलाय का, हे मी कापडावर पसरायच्या आधी सांगायचो. वर्ध्याहून मोठे साहेब तपासणीला यायचे तेव्हा माझ्या शंभर चिठ्ठ्यांतून त्यांना बोट दाखवायला एक सापडायची नाही. त्यामुळं राग माझ्या नाकावर असायचा. कुणी प्रतीबद्दल हुज्जत घातली की माझं डोकं फिरायचं.

इतर केंद्रांवर ग्रेडर बंडीवर चढून, कापसात हात घालून तिथंच प्रत सांगायचे. आमच्याकडची रीत वेगळी होती. ती माझ्या आधीच्या ग्रेडरनं घालून दिली होती. मी त्यांच्या हाताखाली शिकलो आणि त्यांना उस्ताद म्हणायचो. हमालानं बंडीच्या चार जागांवरून, वरून आणि तळातून, कापूस काढायचा, टोपल्यात घालायचा, वर नंबराची चिठ्ठी ठेवायची आणि टोपलं माझ्या डाव्या हाताशी आणून ठेवायचं. नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही. माझ्यासमोर उत्तरेची मोठी खिडकी, टेबलावर काळं कापड आणि पाठीमागं दार. उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही, उजेड दिवसभर एकसारखा राहतो, म्हणून कापूस तिथंच पाहायचा. शेतकरी दारात येऊन उभा राहायचा. मी वळायचो नाही. कापूस कापडावर पसरायचो, प्रत बोलायचो, शेजारी बसलेला कारकून, आमचा बाबू, लिहून घ्यायचा. मग टोपल्यातला मूठभर कापूस कागदात बांधून, चिठ्ठीसकट, फळीवर ठेवून द्यायचा.

उस्तादांचा आणखी एक नेम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, आदल्या दिवसाच्या सगळ्या पुड्या खिडकीत ओळीनं उघडायच्या आणि एकदा नजर टाकायची. चूक झालीच असेल तर त्या दिवशी केंद्र बंद व्हायच्या आत ग्रेडरला प्रत बदलता यायची. कारण लिहायचं आणि मॅनेजरची सही घ्यायची. माझ्यावर तशी वेळ कधी आली नव्हती.

पाठ करून बसतो म्हणून लोक मला उर्मट म्हणायचे. म्हणोत. मला त्यांच्याशी सोयरीक जोडायची नव्हती.

मग ऐंशी-एक्याऐंशीच्या हंगामाला नवे मॅनेजर आले. भला माणूस, हे आधी सांगतो. कुणाच्या एक पैशाला न शिवणारा. पण त्यांचा साडू बोटीवर नोकरीला होता, आणि तो हाँगकाँगहून, सिंगापूरहून लांबलचक पत्रं लिहायचा. तिकडचे चिनी दुकानदार म्हणे दुकान उघडण्याआधी जाणकार माणूस बोलावतात आणि तो सांगेल तिथंच टेबल मांडतात. वारा आणि पाणी, एवढंच त्या शास्त्राचं नाव. पेपरच्या पुरवणीत आता फेंगशुई म्हणून छापून येतं ते हेच. परवा माझ्या सुनेनं तो कागद माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, बाबा, तुमचं टेबल या कोपऱ्यात घेऊ या. मी म्हटलं, पोरी, हे शास्त्र देवळीत येऊन गेलं तेव्हा तुझं लग्नही ठरलं नव्हतं.

साडूच्या पत्रांतले नियम मॅनेजरांनी एका शाळकरी वहीत उतरवून काढले होते. ती वही घेऊन ते आमच्या त्या एका खोलीच्या ऑफिसात दोन दिवस फिरले. बाबूचं टेबल तुळईखाली होतं, ते बाजूला घेतलं. डोक्यावर तुळई असली की माणसावर ओझं येतं म्हणे. दारातला पाण्याचा रांजण कोपऱ्यात गेला. बंद पडलेलं घड्याळ, तीन पायांची खुर्ची, मोडका काटा, सगळं बाहेर. मॅनेजरांच्या खुर्चीसमोरचा आरसा काढला. मग टेबलांचे खण रिकामे करायला लावले. बाबूच्या खणातून तीन हंगामांच्या चिठ्ठ्या, सुकून गोटी झालेली दोन लिंबं आणि एका पायाची चप्पल निघाली. दुसरी चप्पल कुठं आहे ते त्यालाही सांगता येईना.

एवढं मात्र कबूल करतो, ऑफिस छान झालं. चालताना पायात काही येईना. बाबूचं रोजचं डोकेदुखीचं रडगाणं थांबलं. मॅनेजर म्हणाले तुळईचा गुण. मी म्हणालो तो आता जिनिंगच्या धुळीच्या तोंडातून हटला, त्याचा गुण. पण थांबलं हे खरं.

शेवटी ते माझ्या टेबलापाशी आले आणि वही छातीशी धरून उभेच राहिले. पाठ उघडी! त्यांच्या वहीत यापेक्षा वाईट काही नव्हतं. पाठीशी भिंत आणि समोर दार असेल तर माणूस निर्णयाला पक्का होतो, असं त्यांनी मला समजावलं. मी साफ नाही म्हटलं. कापूस उत्तरेच्या उजेडातच पाहतात, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ते हसले आणि म्हणाले की इतरांचं ठीक आहे, पण तुमच्यासारख्या डोळ्याच्या माणसाला खिडकीची काय गरज?

इथं मी फसलो. दुसऱ्या कुठल्याही शब्दांनी मी हललो नसतो. पण हे ऐकल्यावर, हो, मला खिडकी लागते, असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. म्हटलं, हलवा.

टेबल आतल्या कोपऱ्यात गेलं. पाठीशी भिंत, समोर दार. त्या भिंतीला मॅनेजरांनी चुन्यात पेवडी कालवून पिवळा रंग दिला, कारण वहीत पिवळा शुभ लिहिला होता. आणि आता खरं सांगायचं तर मला ते आवडलं. दारातून माणूस आत यायचा तो थेट माझ्याकडं पाहत. टोपी काढायचा, राम राम घालायचा. आजवर ज्यांचे फक्त खोकले ऐकले होते त्यांचे चेहरे दिसू लागले. मी मान हलवायचो. चार दिवसांत मला साहेबासारखं बसता यायला लागलं. सकाळी पुड्या खिडकीत उघडायचा नेमही मागं पडला. खिडकीखाली आता कोपऱ्यातला पाण्याचा रांजण येऊन बसला होता, आणि चूक तर माझी होतच नव्हती.

आता त्या बाईचं सांगतो. तिची हकिगत मला मागून कळली, आमच्या बाबूकडून, कारण तो तिच्या शेजारच्या खेड्यातला. पण तुम्हाला ती आधीच माहीत असलेली बरी.

तिचा नवरा पुलगावला डेपोत कामाला, रविवारचा घरी यायचा. जमीन सासऱ्याच्या नावावर होती आणि वाहायचा, म्हणजे कसायचा, धाकटा दीर. दोन वर्षं कापूस दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीत गेला. ही म्हणाली की कापूस चांगला येतो, वेचण्यात आणि ठेवण्यात त्याची माती होते, एक वर्ष वरचं वावर माझ्याकडं द्या. घरात हसले सगळे. सासरा हसला नाही. त्यानं अट घातली. वरच्या वावरातली पहिली बंडी पहिल्या प्रतीत गेली तर ते वावर यापुढं तिनंच वाहायचं. नाही गेली तर दिराकडं परत, आणि पुन्हा हा विषय घरात काढायचा नाही.

मग तिनं काय केलं? पहिल्या वेच्याला, म्हणजे पहिल्या वेचणीला, वावरात दहीभात ठेवून पूजा करतात, आमच्याकडं त्याला सीतादही म्हणतात, ते सगळेच करतात, तिनंही केलं. पण पुढं तिनं रोज दव वाळेपर्यंत कुणाला बोंडाला हात लावू दिला नाही. वेचणाऱ्या बायांच्या कमरेला दोन-दोन ओट्या बांधायला लावल्या. एकीत चांगला कापूस, दुसरीत कवडी, म्हणजे किडीनं पिवळा पडून घट्ट झालेला. घरी आणल्यावर धुतलेल्या लुगड्यांवर पसरून पुन्हा पाला निवडला. पोरांना त्या खोलीत पाय ठेवू दिला नाही. बंडी भरली तेव्हा खाली, वर आणि चारी बाजूंनी स्वतःची लुगडी लावली. ती बंडी घेऊन ती आमच्या केंद्रावर आली. बैल हाकायला सोबत दीरच होता.

मी कोपऱ्यात, भिंतीला टेकून. दारातून हमाल टोपलं घेऊन आला आणि त्याच्या मागं ती आली. माझी नजर टोपल्याच्या आधी तिच्यावर गेली. रंग उडालेलं लुगडं, पदराला काडीकचरा चिकटलेला, हाताला भेगा, अंगावर रांगेत काढलेल्या रात्रीची धूळ. मागं उंबऱ्यावर दीर, दाराला खांदा लावून. मी मनात म्हटलं, अंगणात पसरलेला माल दिसतो, पाला असणार, माती असणार. माझा हात टोपल्यात गेला आणि बाहेर आला, आणि काळ्या कापडावर कापूस नीट पसरायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "दुसरी."

बाबूनं लिहिलं. ती हलली नाही.

"साहेब, तुम्ही कापूस पाह्यला काय?"

मी म्हटलं, पाहिला.

"कापसात तुम्ही नुसता हात घातला," ती म्हणाली. "पाह्यलं तर मले."

आवाज चढवला नव्हता तिनं. पण इतक्या वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं, आणि तेही दहा माणसांसमोर. माझा पारा चढला. ग्रेडर तू की मी, असं मी तिला विचारलं. प्रत ठरवायला सरकारनं मला बसवलंय आणि पटत नसेल तर बंडी परत ने, असंही म्हटलं. दीर दारातून हसला आणि म्हणाला, चाल वयनी, झालं आता. तिनं टोपल्यातला मूठभर कापूस उचलला, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि गेली. तिची बंडी दुसऱ्या प्रतीच्या ढिगावर रिकामी झाली.

तिच्या मागची बंडी होती एका टेरिलीनच्या सदऱ्यातल्या गृहस्थाची. मनगटावर घड्याळ, तोंडात पान. आल्याबरोबर त्यानं वाकून राम राम घातला आणि माझ्या तब्येतीची चौकशी केली. माझं डोकं अजून तापलेलंच होतं, त्याच्या गोड बोलण्यानं जरा निवलं. त्याला मी पहिली प्रत दिली.

संध्याकाळी आवराआवर करताना बाबू गप्प गप्प होता. मी विचारलं, काय झालं रे? तेव्हा त्यानं ती अटीची हकिगत सांगितली, दोन ओट्यांपासून लुगड्यांपर्यंत. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "गेलं साहेब तिचं वावर." मी म्हटलं की कापूस जसा असेल तशी प्रत, वावरं वाटायला मी तलाठी नाही. असं म्हणून मी सायकल काढली. पण वाट्टेल तेवढं जोरात पायडल मारलं तरी तिचं ते वाक्य मागं राहीना. पाह्यलं तर मले.

दुसऱ्या दिवशी मी तासभर आधी केंद्रावर गेलो. फळीवरून आदल्या दिवसाच्या पुड्या काढल्या आणि रांजण बाजूला सरकवून उत्तरेच्या खिडकीत काळं कापड अंथरलं. तिची पुडी उघडली. पांढराशुभ्र कापूस. पाल्याचा तुकडा नाही, कवडीचा डाग नाही. बोटांनी धागा ओढून पाहिला, लांब आणि चिवट. माझ्या आयुष्यात असा कापूस मी मोजून पाच-सहा वेळा पाहिला असेल. मग शेजारी टेरिलीनवाल्याची पुडी उघडली. मळकट माल, पाल्याचा चुरा, आणि तळाशी दमट. दुसरी प्रत दिली असती तरी उपकार झाले असते.

मला घाम फुटला. थंडीचे दिवस, सकाळची वेळ, आणि माझा सदरा पाठीला चिकटलेला.

मॅनेजर आले. मी त्यांना खिडकीपाशी नेलं आणि तिची पुडी दाखवली. त्यांना कापसातलं फारसं कळायचं नाही, पण एवढं पांढरं त्यांनाही कळलं. म्हणाले, असं कसं झालं? आणि मी म्हणालो, उजेडामुळं. पिवळ्या भिंतीचा उजेड कापसावर पडतो, पांढरा माल पिवळट दिसतो. हे खोटं नव्हतं. पिवळ्या भिंतीशेजारी कापूस पिवळट दिसतोच. बिचाऱ्यांचा चेहरा पडला. त्यांनी वही उघडली, उभ्यानंच काहीतरी लिहिलं आणि म्हणाले की चूक माझी आहे, टेबल आत्ता परत न्या. हमालांनी टेबल उचललं. मी दुरुस्तीच्या कागदावर तिची प्रत पहिली केली, कारण म्हणून 'उजेडाचा दोष' असं लिहिलं, आणि त्यांनी सही ठोकली.

टेरिलीनवाल्याची पुडी मी गुपचूप बांधून फळीवर परत ठेवली. त्या पुडीचं काय सांगणार होतो? पिवळ्या उजेडानं मळका कापूस पांढरा केला म्हणून?

कागद बदलला, पण घरात काल रात्रीच निकाल लागला असणार होता. मी बाबूला म्हटलं, गाव सांग. दीड कोस होतं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सायकलवर निघालो. जाताना मला बरंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. ग्रेडर स्वतः घरी जाऊन चूक सांगतो, असं या जिल्ह्यात कधी घडलं नसेल, अशीही एक शाबासकी मी स्वतःला देऊन टाकली.

सासरा ओसरीवर बसला होता. त्याच्यासमोर फडक्यावर तोच मूठभर कापूस, तिनं पदरात बांधून नेलेला. म्हातारा माझ्याकडं पाहून उठला नाही, बस म्हणाला. दीर खांबाला टेकून होता. मी गूळ-पाणी घेतलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला. काल टेबलाची जागा बदललेली होती, भिंत पिवळी होती, उजेडानं दगा दिला. माल पहिल्या प्रतीचाच होता आणि तसं लिहून सही झाली आहे.

दीर लगेच म्हणाला की निकाल काल लागला. आज कागद बदलतो, उद्या पुन्हा बदलेल, उजेडाचा काय भरवसा?  म्हातारा कापसाकडं पाहत होता. मला वाटलं आता हो म्हणेल, पण त्याच्या कपाळावरची आठी काही जाईना. उजेडावर त्याचा विश्वास बसत नव्हता हे मला दिसत होतं.

ती आतल्या दाराशी उभी होती, पाण्याचा तांब्या हातात. तिनं मला विचारलं, "साहेब, माह्या मांगच्या बंडीलेही तोच उजेड होता नं?"

तिनं त्या माणसाची बंडी पाहिली होती. रांगेत रात्रभर तिच्या मागंच तर उभी होती. आणि त्याला मिळालेली पहिली प्रत तिनं आवारातून बाहेर पडताना ऐकली होती.

मला हो म्हणून उठता आलं असतं. तिला एवढंच विचारायचं होतं, आणि मी साहेब होतो, कुणी मला बसवून घेतलं नसतं. पण दीर तिथं हसायला तयार उभा होता. उजेडाची सबब मी तशीच ठेवली असती तर ते वावर कायमचं त्याच्याकडं गेलं असतं. माझा कागद त्या घरात टिकणार नव्हता.

मी म्हाताऱ्याकडं वळलो. म्हटलं, "उजेडाचा दोष नव्हता. मी कापूस पाहिलाच नाही. हिचं लुगडं पाहिलं आणि दुसरी म्हणालो. मागच्याचा सदरा पाहिला आणि पहिली दिली."

 मला वाटलं माझे कान जळतात की काय. म्हाताऱ्यानं समोरचा कापूस चिमटीत धरला, दोन्ही हातांच्या बोटांनी धागा ओढला, लांबच्या लांब, आणि तो तुटेपर्यंत पाहत राहिला. मग माझ्याकडं न पाहता म्हणाला, "हे मी कालच पाह्यलं होतं. पण सरकारी माणूस खोटा कसा म्हनावं?" आणि दिराला म्हणाला, "वरचं वावर तिचं. आता पुन्हा नाई बोलायचं."

तिनं माझे आभार मानले नाहीत. कशाचे मानणार? तांब्या खाली ठेवला आणि आत गेली. आत कुणाशी तरी बोलली असेल, मला ऐकू आलं नाही, पण चुलीपाशी भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला.

परत आलो तेव्हा केंद्र बंद व्हायला अजून वेळ होता. मी फळीवरची टेरिलीनवाल्याची पुडी काढली, त्याची प्रत तिसरी केली, आणि तिच्या दुरुस्तीच्या कागदावरचं 'उजेडाचा दोष' खोडून त्याजागी 'ग्रेडरनं कापूस न पाहता प्रत दिली' असं लिहिलं. दोन्ही कागद मॅनेजरांसमोर ठेवले. त्यांनी वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले.

म्हणाले, म्हणजे टेबलाचा काही दोष नव्हता?

मी म्हटलं, टेबलाचा थोडा होता. त्याच्यामागं बसलेल्याचा जास्त. आणि मॅनेजरसाहेब, तुमच्या वहीत लिहून ठेवा, ज्याला लोकांवर लक्ष ठेवायचंय त्यानं दाराकडं तोंड करावं. ज्याला मालावर लक्ष ठेवायचंय त्यानं पाठ करावी. त्यांनी खरंच लिहून घेतलं. असा माणूस होता तो. पुढं साडूला पत्रातून विचारलंही म्हणे, चिनी लोकांत कापसाचे ग्रेडर कसे बसतात. त्याचं उत्तर काही आलं नाही.

टेरिलीनवाला दुसऱ्या दिवशी चार माणसं घेऊन आला आणि आवारात बोंबाबोंब केली. मी खिडकीतल्या उजेडात त्याचीच पुडी त्याच्यासमोर उघडली. तो कापसातला माणूस होता, पाहिल्यावर पान चघळायचा थांबला आणि बंडीवर जाऊन बसला. दीड महिन्यानं वरून मला ताकीद देणारा एक कागद आला. माझ्या सगळ्या नोकरीतला तो एकच तसा कागद. तो मी फाडला नाही. अजून माझ्या खणात आहे, आणि खण नीट आवरलेला आहे, वारा-पाण्याच्या नियमाप्रमाणे.

पुढच्या वर्षी होळी जवळ आली होती. हंगाम संपत आलेला, बंड्या तुरळक. मी माझ्या जागेवर, समोर खिडकी, पाठीमागं दार. टोपलं आलं. कापूस काळ्या कापडावर पसरला. शेवटच्या वेच्याचा होता. निवडलेला होता, जपून आणलेला होता, पण कवडी होती त्यात आणि धागा तोकडा होता. मी दोन वेळा पाहिलं. मग म्हटलं, "दुसरी."

पाठीमागून आवाज आला, "बरोबर हाये. शेवटचा वेचा हाये, कवडी हाये त्यात."

आवाज मी ओळखला. वळावं असं फार वाटलं. वरच्या वावराचं विचारावं, पहिल्या वेच्याची बंडी माझ्या हाताखालून कधी गेली, मला कसं कळलं नाही, तेही विचारावं. दारात पावलं परत फिरली आणि थांबली.

"तुमची पाठच बरी, साहेब," ती म्हणाली.

मी वळलो नाही. मूठभर कापूस कागदात बांधला, चिठ्ठी लावली आणि पुढचं टोपलं मागवलं.